बिलात मरीन प्लाय, केबिनमध्ये साधा प्लाय

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, बोटी वर ओढलेल्या आणि मालकाला नारळी पौर्णिमेची घाई. लाकूडकामात गंडवणाऱ्याला हा हंगाम सोयीचा. अलिबागकडच्या एका 26 फुटी लाकडी बोटीच्या केबिनचं काम एका ठेकेदाराने याच दिवसांत उरकलं. बिलात ‘मरीन प्लाय 12 एमएम, 9 शीट’. दिवाळीच्या आत बाकाखालची फळी फुगून वर आली.

उचकटली तर थर नखाने सुटत होते आणि डिंकाच्या रेघा पांढुरक्या. आयएस 710 या भारतीय मानकाच्या, पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायला फिनॉलचा डिंक लागतो, त्यामुळे कापलेल्या कडेला गडद तपकिरी रेघा दिसतात. पण डिंकात रंग मिसळूनही तशा रेघा आणता येतात, म्हणून तुकडा उकळून बघा. मानकात 72 तास सांगितलेत. हलक्या प्लायचे थर पातेल्यात काही तासांतच सुटतात. शीटवरचा आयएसआय शिक्का आणि सीएम/एल नंबर (म्हणजे उत्पादकाचा परवाना क्रमांक) भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपवर तपासायचा तो करवत लागण्याआधी. नंतर शिक्क्याचा तुकडा नेमका भंगारात गेलेला असतो.

नऊ शीटही खोटीच. छत, दोन बाजू, दोन बाक आणि तळ मिळून 136 चौरस फूट. 8 बाय 4 ची शीट 32 चौरस फुटांची, म्हणजे सव्वाचार; कापाकापीत वाया जाणारं धरूनही सहाच्या वर जात नाही. सागवानाचंही तसंच: लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत गुणून 144 ने भागा. 8 फूट × 6 × दीड म्हणजे अर्धा घनफूट. बिलात त्याला पाऊण लावला होता.

स्क्रू ‘पितळी’ होते. लोहचुंबक धरला, टपकन चिकटला! पितळेचं नुसतं पाणी दिलेलं लोखंड.

सगळ्यात वाईट प्रकार छताच्या पुढच्या कोपऱ्यात. कुजलेलं लाकूड काढलंच नव्हतं, वर लांबी (पुट्टी) भरून रंग फासलेला. बोटीचं लाकूड कुजतं ते बहुतेक वेळा पावसाच्या गोड्या पाण्याने, खारं पाणी त्यामानाने बरं. त्यामुळे छताचा सांधा आणि खिडकीच्या चौकटीचे खालचे कोपरे रंगाआधी टोच्याने टोचून बघा. टोचा सहज आत गेला तर निरोगी लाकूड लागेपर्यंत कापायला लावा. प्लायच्या कापलेल्या कडा इपॉक्सीने (पाणी आत न जाऊ देणाऱ्या रेझिनने) बंद केल्यात का, तेही तेव्हाच बघा. इथे एकही नव्हती. वर भर पावसात ओल्या लाकडावर व्हार्निश, मग फोड येणारच. ओल मोजायच्या मीटरवर 15 टक्क्यांच्या वर आकडा असेल तर ब्रश लावू देऊ नका.

शेवटचा हप्ता पाण्याच्या चाचणीनंतर द्यायचा: छतावर अर्धा तास पाइप सोडा, बाक उघडून टॉर्चने सांधे बघा. या बोटीचे पैसे नारळी पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळीच चुकते झाले होते.