बंदुकीचे लोखंडी कपाट : तिन्ही ऋतू वापरल्यानंतर

शिरपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी आमची शेती आहे. वडिलांच्या पश्चात त्यांची बारा बोअरची दुनळी बंदूक जिल्हाधिकारी कार्यालयातून रीतसर परवाना काढून मी माझ्या नावावर करून घेतली, आणि मुलगी दहा मीटर नेमबाजीचा सराव करते म्हणून तिची एअर रायफलही घरात आहे. या दोन्हींसाठी मागच्या फेब्रुवारीत शस्त्रे ठेवण्याचे तयार लोखंडी कपाट विकत घेतले. आता त्यावरून एक उन्हाळा, एक पावसाळा आणि धुळ्याकडची कडाक्याची थंडी जाऊन झाली आहे, त्यामुळे त्याविषयी जबाबदारीने लिहिता येईल. बंदूक घेताना लोक नळीची लांबी, चापाची ठेवण, दस्त्याचे लाकूड यांवर तासन्‌तास बोलतात. पण शेतकऱ्याच्या घरातील बंदूक वर्षातले थोडे तास सोडले तर ठेवलेलीच असते, म्हणून ती कोठे राहते आणि कोणाच्या हाती लागू शकते हा प्रश्न माझ्या लेखी तिच्या बनावटीहून मोठा आहे. कायदाही तेच मानतो. परवान्याच्या अर्जासोबत शस्त्र सुरक्षित ठेवण्याचे हमीपत्र द्यावे लागते, आणि परवान्याच्या अटी मोडल्यास शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ३० खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

कपाटाची आतली उंची साडेचार फूट आहे, दरवाजाचा पत्रा ४ मिलिमीटरचा आणि बाकीच्या अंगाचा त्याहून पातळ आहे, आणि आत काडतुसांसाठी वेगळ्या किल्लीचा छोटा कप्पा आहे. जाहिरातीत ‘चार शस्त्रांसाठी’ असे ठळक लिहिले होते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला दोनच शस्त्रे बाळगता येतात, हे बनवणाऱ्यांना ठाऊक नसावे किंवा ठाऊक असूनही मोठा आकडा बरा वाटला असावा. प्रत्यक्षात दस्त्याला दस्ता न घासता दोनच बसतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून ते ओट्यावर उतरवले तेव्हा शेजारच्या आजी येऊन “सोनं शे का यामा?” असे विचारून गेल्या. तेव्हापासून ते आतल्या खोलीत, धान्याच्या कोठीआड ठेवले आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेस न पडणे हीही एक सुरक्षाच आहे.

ते पक्के बसवणे मात्र सोपे नाही, आणि सोबतच्या पत्रकात आमच्याकडच्या घरांचा विचारच केलेला नाही. जुने घर धाब्याचे असेल तर भिंत दोन-दोन फूट जाडीची असते खरी, पण ती मातीची. तिच्यात रॉल बोल्ट (भोकात फुगून घट्ट बसणारा बोल्ट) धरत नाही, थोडा जोर लावला की मातीसकट बाहेर येतो. न बांधलेले कपाट दोन माणसे आडवे करून उचलून नेऊ शकतात आणि मग शेतात नेऊन निवांत फोडू शकतात, तेव्हा पत्रा ४ मिलिमीटरचा असला काय आणि ६ चा असला काय. गवंड्याकडून खाली काँक्रीटचा सहा इंची ओटा करून घेतला, त्यात चार बोल्ट सोडले आणि पाठीचे दोन बोल्ट नव्या खोलीच्या आरसीसी खांबात घेतले. मागचा पत्रा पातळ असल्यामुळे या दोन बोल्टांना आतून रुंद वायसर लावणे आवश्यक आहे. ओट्यामुळे आणखी एक लाभ झाला: फरशीची ओल थेट तळाच्या पत्र्याला लागत नाही.

कुलूप आकड्यांच्या बटणांचे आहे आणि अडचणीसाठी एक किल्लीही मिळते. वैशाखात पारा ४४ अंशांच्या पुढे गेला त्या आठवड्यात बटणे दाबली तरी दिवा लागेना. सोबत आलेले साधे सेल फुगून त्यांचा क्षार पट्ट्यांवर आला होता. किल्लीने दार उघडले, पट्ट्या घासून स्वच्छ केल्या, अल्कलाइन सेल घातले आणि त्यानंतर तक्रार उद्भवली नाही. सेलचा कप्पा दाराच्या बाहेरच्या बाजूला आहे, ही रचना चांगली आहे. त्याच उन्हाळ्यात आतल्या मखमलीसारख्या अस्तराचा गोंद सुटून ते लोंबू लागले, तेव्हा मी ते पूर्ण काढूनच टाकले. अस्तर दिसायला छान असते, पण ते पावसाळ्यात ओल धरून ठेवते आणि नळी नेमकी त्यालाच टेकलेली असते. त्याजागी नळी टेकते तेवढ्या दोन खाचांना रबराची पट्टी लावली आहे.

आता मुख्य मुद्दा. एअर रायफलला परवाना लागत नाही, कारण ४.५ मिलिमीटर व्यासाच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेल्या हवेच्या बंदुकींना शस्त्र नियम, २०१६ मध्ये सूट आहे. मुलगी ती रोज संध्याकाळी काढते. बंदुकीचा परवाना केवळ माझ्या नावावर आहे आणि ती माझ्याशिवाय घरातील कोणी हाताळणे नियमात बसत नाही. म्हणजे कपाट एकच ठेवायचे तर रोज मी घरी असेपर्यंत तिचा सराव थांबवायचा, किंवा तेरा वर्षांच्या मुलीला असा आकडा सांगायचा की ज्याने बंदुकीचेही दार उघडते. दोन्ही गोष्टी मान्य होण्यासारख्या नव्हत्या. धुळ्याच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून एअर रायफलपुरती कडीकुलपाची वेगळी पत्र्याची पेटी करून घेतली आणि महागड्या कपाटात आज एकटी दुनळी आहे. ‘चार शस्त्रांसाठी’ या शब्दांतला खरा घोळ इथे आहे: कपाटात किती शस्त्रे मावतात यापेक्षा त्या शस्त्रांना हात लावण्याचा अधिकार किती जणांना आहे हे आधी मोजावे, आणि जितके वेगळे अधिकार तितकी वेगळी कुलुपे घ्यावीत.

दुनळीच्या बाबतीत एक सोय तिच्या घडणीतच आहे. नळ्यांखालचा लाकडी तुकडा खटका दाबून काढला की नळ्या आणि दस्ता वेगळे होतात, आणि तो तुकडा नसेल तर नळ्या दस्त्यावर भरवशाने बसत नाहीत. आमच्याकडे नळ्या व दस्ता कपाटात असतात, तो तुकडा दुसऱ्या खोलीतील कुलपात आणि काडतुसे आतल्या कप्प्यात. बंदूक बाहेर काढताना नळी भिंतीकडे, बोट चापाच्या बाहेर. नळ्यांचे मागचे तोंड उघडून दोन्ही नळ्यांतून खिडकीचा उजेड आरपार दिसतो का ते पाहायचे, आणि आत ठेवताना पुन्हा तेच करायचे. उजेड पाहण्याची ही सवय जुन्या माणसांची आहे आणि ती दुहेरी उपयोगाची आहे: नळी रिकामी असल्याची खात्री होते आणि आतल्या गंजाचा ठिपकाही लगेच दिसतो. अडचणीच्या किल्लीसाठी दाराच्या चौकटीवरची, देवघरातली, पिठाच्या डब्यातली जागा चालत नाही. घरातल्या पोरांना त्या जागा आपल्याआधी ठाऊक असतात. ती बँकेच्या लॉकरमध्ये ठेवली आहे.

चोराइतकाच बंदुकीचा शत्रू म्हणजे हवेतील ओल, आणि खान्देशात हा प्रश्न दोन टोकांचा आहे. जुलै-ऑगस्टमध्ये कपाटात ठेवलेला लहान आर्द्रतामापक ७५ टक्क्यांच्या आसपास दाखवत असे. ६० टक्क्यांच्या वर लोखंडाला गंज धरण्याचा वेग वाढतो. अर्धा किलो सिलिका जेल ठेवल्यावर आकडा ५५ पर्यंत उतरला. त्यात निळे दाणे घेऊ नयेत, त्यांतील कोबाल्टचे क्षार विषारी असतात, नारिंगी घ्यावेत. ओल शोषून रंग पालटला की स्वयंपाकात न वापरल्या जाणाऱ्या जुन्या कढईत मंद आचेवर परतून ते पुन्हा कोरडे करता येतात. मार्च ते मे या काळात मात्र हेच दाणे काढून ठेवावेत. आमच्याकडे उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी होते की अक्रोडाच्या दस्त्याचे लाकूड आक्रसते, स्क्रू ढिले पडतात आणि पकडीच्या बारीक भागाला चीर जाऊ शकते. बाराही महिने सिलिका ठेवा असे विक्रेता सांगतो, ते कोकणातल्या गिऱ्हाइकाला ठीक आहे.

वडिलांच्या वेळेपासून नळीला खोबरेल लावण्याची पद्धत होती. खोबरेल साधारण २४ अंशांखाली थिजते आणि धुळ्याकडे पौषात पहाटे पारा पाच-सहा अंशांवर येतो, तेव्हा ते खटक्यांच्या फटींत मेणासारखे बसते व पुढे धूळ धरून चिकट होते. बंदुकीचे खनिज तेलच वापरावे, आणि तेही चिंधीने पुसून जेमतेम थर राहील इतकेच. चामड्याच्या म्यानात बंदूक कायमची ठेवू नये. चामडे ओल धरते आणि कमावताना त्यात राहिलेली द्रव्ये नळीचा निळा मुलामा खातात. थंडीत शेतावरून उबदार घरात आणलेल्या नळीवर दव साचते, म्हणून लगेच कपाटबंद न करता ती समोर बसून पुसावी. नळीला हात लागला असेल तर बोटांचे ठसेही पुसावेत. घामाच्या मिठाने आठवड्याभरात ठशाच्या आकाराचा तांबूस डाग उठतो.

काडतुसांविषयी एक गोष्ट जुनी बंदूक असलेल्या प्रत्येकाने तपासावी. जुन्या बारा बोअरच्या बंदुकींचे घर, म्हणजे नळीतला काडतूस बसण्याचा भाग, ६५ मिलिमीटरचे असू शकते आणि बाजारात ७० चीही काडतुसे मिळतात. काडतुसाचा आकडा उडाल्यानंतरच्या लांबीचा असतो. न उडालेल्याचे तोंड दुमडलेले असल्यामुळे ७० चे काडतूस ६५ च्या घरात बिनतक्रार बसते, आणि उडताना तोंड उलगडायला जागा न मिळाल्याने आतला दाब धोकादायक वाढतो. नळ्या वेगळ्या केल्यावर खालच्या बाजूला घराची लांबी कोरलेली सापडते. नसल्यास परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडून मोजून घ्यावी.

बंदूक चालवण्याविषयी फार लिहिण्यासारखे नाही, कारण ती फारशी चालतच नाही. पीक संरक्षणाचा परवाना असला तरी रानडुकरावर वन विभागाच्या परवानगीशिवाय गोळी झाडता येत नाही, आणि रात्री हलणाऱ्या मक्याच्या ताटांमागे डुक्कर आहे की जागलीवर असलेला माणूस आहे हे बॅटरीच्या उजेडात सांगता येत नाही. मोठे छर्रे काहीशे मीटर जातात. आमच्या केळीपलीकडे पावरा कुटुंबांच्या झोपड्या आहेत, त्यामुळे त्या दिशेला नळी वळवण्याचा प्रश्नच येत नाही. खरे सांगायचे तर डुकरांचा उपद्रव कमी केला तो सौर झटका मशीनने.

एअर रायफल मात्र रोज चालते. जिन्यालगतच्या लांबट खोलीत दहा मीटर अंतर बसते. शेवटी तिरप्या जाड पत्र्याची छर्रे अडवणारी पेटी आणि तिच्यामागे पक्की भिंत. सराव चालू असताना खोलीचे एकुलते दार आतून बंद असते, कारण लक्ष्यावरच्या दहा गुणांच्या ठिपक्याचा व्यास अवघा अर्धा मिलिमीटर आणि मुलीचे लक्ष त्यावर. तेवढ्यात आडवे कोणी येऊ नये. छर्रे शिशाचे असल्यामुळे जेवणापूर्वी साबणाने हात धुणे सक्तीचे आहे. रायफलच्या हवेच्या सिलिंडरचा दाब उन्हाळ्यात जपावा लागतो: २५ अंशांना २०० बार भरलेली हवा ४५ अंशांना २१३ बारच्या आसपास जाते. म्हणून मे महिन्यात आम्ही १८० वर थांबतो, आणि रायफल उन्हात उभ्या गाडीत कधीही ठेवत नाही.

निवडणुकीच्या काळात छाननी समितीचा आदेश आला तर बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. तेव्हा नेहमीपेक्षा जाड तेल लावून, कापडी म्यानात, पावतीवर बंदुकीचा क्रमांक बरोबर लिहिला आहे ना हे पाहून द्यावी आणि परत आल्याच दिवशी साफ करावी.

या कपाटाला मी पाचपैकी साडेतीन गुण देईन. दाराचे पोलादी खटके वर्षभर सहज सरकतात, आतल्या कप्प्याचे कुलूप दणकट आहे, आणि रंगावर एकही फुगा आलेला नाही. अस्तर, सोबतचे सेल आणि बसवण्याचे पत्रक यांत गुण गेले. वाहतूक आणि गवंडीकाम धरून खर्च तीस हजारांच्या पुढे गेला, त्यात गवंड्याचा वाटा लहान नाही. ज्यांच्याकडे एकच परवान्याची बंदूक आहे आणि आरसीसीचा एक तरी खांब आहे त्यांनी हे घ्यायला हरकत नाही. केवळ एअर रायफल असेल तर फॅब्रिकेशनवाल्याची पेटी पाचव्या हिश्श्याच्या किमतीत तेच काम करते. घेताना किल्ल्यांचा क्रमांक बिलावर लिहून मागावा, कारण माझ्या विक्रेत्याने तो दिला नाही आणि जादा किल्लीसाठी आता कुलूपच उतरवून पाठवायला सांगत आहे.