डीसी क्लॅम्प मीटर: कापसाच्या सीझनभर ट्रकवर वापरल्यानंतर

हे मीटर म्हणजे तारेभोवती चिमटा लावून करंट आणि प्रोबच्या दोन टोकांनी व्होल्टेज मोजायचं यंत्र. दिवाळीआधी घेतलं, आता मे लागला. जिनिंगच्या गाठी, सरकी, नंतर तूर-हरभरा, सगळ्या सीझनभर हे मीटर केबिनमध्येच होतं. आमची गाडी २४ व्होल्टची, म्हणजे १२-१२ च्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये. वणी-पांढरकवड्याकडच्या आतल्या रस्त्यावर गाडी स्टार्ट झाली नाही की तालुक्याहून ऑटो इलेक्ट्रिकवाला यायला अर्धा दिवस जातो, आणि आल्या आल्या त्याचं ठरलेलं: "भाऊ, सेल्फ गेला. खोलाच लागते." (सेल्फ म्हणजे इंजिन चालू करणारी स्टार्टर मोटर.)

घेताना एकच पाहा, क्लॅम्प डीसी करंट मोजतो का. स्वस्तातले बरेचसे फक्त एसीचे असतात. विहिरीवरच्या मोटरला ठीक, ट्रकला काही कामाचे नाहीत.

खरा उपयोग डिसेंबरात झाला. चावी मारली की नुसता 'कट्' आवाज, सेल्फ फिरेना. दोन्ही बॅटऱ्या मिळून २५.३ व्होल्ट, म्हणजे फुल. पण उभ्या गाडीचा आकडा फसवा असतो, लोडवर, म्हणजे सेल्फ मारताना, मोजावं लागतं. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. एक प्रोब बॅटरीच्या मायनसच्या शिशाच्या खुंटावर (वरच्या टर्मिनलवर नाही), दुसरा सेल्फच्या बॉडीवर, आणि क्लीनरला चावी मारायला लावली. इथे अर्ध्या व्होल्टच्या आत यायला पाहिजे. आला तीनच्या वर! म्हणजे बॅटरीत दम होता, पण अर्थिंगच्या, म्हणजे मायनसकडे परतणाऱ्या करंटच्या, वाटेतच व्होल्टेज जिरत होतं.

इंजिन बसतं रबराच्या माउंटिंगवर, त्यामुळे चेसिस-इंजिन जोडणारी अर्थिंगची पट्टी हीच करंटची वाट. ती खोलली तर थिंबलखाली (पट्टीच्या टोकाची बोल्टात बसणारी चकती) काळी माती वाळून दगड झालेली, तांब्याच्या तारा हिरव्या पडलेल्या, बोटाने दाबल्या तरी तुटत होत्या. नवी पट्टी टाकली, बसायची जागा पॉलिश पेपरने चकचकीत केली, बोल्ट कसून वरून ग्रीस लावलं. सेल्फ तोच जुना आहे, अजून फिरतो.

दुसरी भानगड टेपची, म्हणजे केबिनमधल्या गाणी वाजवायच्या सेटची. आपल्याकडे निम्म्या गाड्यांत १२ व्होल्टचा टेप एकाच बॅटरीवरून काढलेला असतो. चावी बंद, तरी त्या तारेला क्लॅम्प लावला तर जवळपास एक अँपिअर चालूच. ती बॅटरी ११.९ वर, शेजारची १२.६ वर. अल्टरनेटर दोघींना एकत्रच चार्ज करतो, त्यामुळे उतरलेली कधी पुरती भरत नाही आणि दुसरीचं पाणी उकळून जातं. २४ ते १२ चा कन्व्हर्टर बसवला, त्याला चावीवरून सप्लाय दिला, तेव्हा भांडण मिटलं.

मीटरच्या तक्रारीही आहेत. छोटा करंट मोजताना आकडा आपोआप सरकतो. दर वेळी तारेपासून दूर धरून झिरो करावं लागतं. आत्ताच्या उन्हात स्क्रीन दिसत नाही, हाताची सावली करा नाहीतर बोनेटखाली वाका. सेल्फ मारतानाचा पहिला झटका ६०० अँपिअरच्या रेंजमध्ये मावत नाही, म्हणून मी तिथे व्होल्टेजवरच भर देतो.

बीएस-६ (धुराच्या नव्या नियमांची) गाडी असेल तर सेन्सर आणि ईसीएमच्या (इंजिनच्या कॉम्प्युटरच्या) दुखण्याला बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लागतोच. तरी आधी सेल्फ मारताना बॅटरी किती खाली जाते ते बघा. २४ च्या गाडीत १९ च्या खाली गेली तर स्कॅनर भलतेच कोड दाखवू शकतो.

सोबतच्या प्रोबची वायर कडक झाली, लवकरच बदलणार. घेताना मगरचिमटेही घ्या, क्लीनर नसला तरी एकट्याने टेस्ट होते.