पहिली सेमी-ऑटोमॅटिक रायफल: रुगर १०/२२, एम अँड पी १५-२२ की थेट एआर-१५?

बंदुकीशी आपला संबंध बहुधा जत्रेपुरता, छऱ्याच्या बंदुकीने फुगे फोडण्याइतका. मग टेक्सासात किंवा ॲरिझोनात घर होतं, ऑफिसातला कुणीतरी शनिवारी नेमबाजीच्या रेंजवर घेऊन जातो, चार फैरी झाडल्या जातात आणि घरी परतेपर्यंत डोक्यात एकच विषय घोळत असतो: आपणही एक घ्यावी का, आणि घ्यायची तर कुठली?

कुठली हे ठरवण्याआधी आपला व्हिसा बघा. एच-१बी, एल-१, एफ-१ अशा व्हिसावर असणाऱ्याला अमेरिकेच्या संघीय कायद्याने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगता येत नाही. शिकारीचा वैध परवाना असणं यासारखे मोजके अपवाद आहेत, पण त्यांच्या भरवशावर वकिलाला न विचारता पाऊल टाकू नका. रेंजवर भाड्याने घेतलेली रायफलही यात येते. ग्रीन कार्ड असेल तर दुकानात फॉर्म ४४७३ भरून, पार्श्वभूमीची तपासणी होऊन रायफल घेता येते. भारतातून पर्यटक व्हिसावर आलेल्या आईबाबांना मात्र रेंजवर कौतुकाने ‘बाबा, एकदा नेम धरून बघा’ म्हणू नका. हौसेपायी त्यांच्यावर गुन्ह्याची वेळ येऊ शकते.

दुसरी पायरी राज्याच्या कायद्याची. दुकानातून रायफल घ्यायला संघीय कायद्याने १८ वर्षं पुरतात, पण वॉशिंग्टन आणि न्यूयॉर्कमध्ये सेमी-ऑटोमॅटिकसाठी २१ लागतात. इलिनॉयमध्ये आधी बंदूकधारकाचं ओळखपत्र काढावं लागतं. कॅलिफोर्निया आणि न्यू जर्सीत मॅगझिन (काडतुसं भरायची पेटी) १० काडतुसांपेक्षा मोठं चालत नाही. काही राज्यांत एआर-१५ नेहमीच्या रूपात विकतच मिळत नाही, तिथे खालची अर्धी तुलना आपोआप निकालात निघते.

सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे एकदा चाप ओढला की एकच गोळी सुटते, पुढचं काडतूस मात्र रायफल स्वतः भरून घेते. तिन्ही रायफली हेच करतात. खरा फरक काडतुसाचा आहे. रुगर आणि एम अँड पी १५-२२ या दोन्ही ‘पॉइंट टू टू एलआर’ (.२२) या छोट्या काडतुसावर चालतात, तर एआर-१५ सहसा .२२३ किंवा ५.५६ वर. आकड्यांत .२२ आणि .२२३ शेजारीशेजारी दिसतात, पण पहिल्याची गोळी सेकंदाला साधारण १,२०० फूट जाते आणि दुसऱ्याची ३,००० च्या वर.

याचा पहिला फटका खिशाला बसतो. .२२ चं काडतूस साधारण ८ सेंटला धरा, .२२३ चं ५० सेंटला. एका दुपारी २०० काडतुसं सहज संपतात, म्हणजे एकीकडे १६ डॉलर आणि दुसरीकडे १००. महिन्यातून दोनदा गेलात तर वर्षाला ३८४ विरुद्ध २,४०० डॉलर. नेम सरावाने बसतो आणि सराव काडतुसांनी होतो, म्हणून माझ्या मते पहिली रायफल .२२ चीच असावी. तिचा धक्का जवळजवळ जाणवत नाही. मोठ्या आवाजाने आणि धक्क्याने दचकून चाप झटक्यात ओढायची सवय एकदा लागली की ती मोडायला महिने जातात.

आता .२२ मधल्या दोघी. रुगर १०/२२ १९६४ पासून बनते आहे. लाकडी दस्ता, १८.५ इंची नळी, वजन पाच पौंडांच्या आसपास. तिचं १० काडतुसांचं गोल फिरणारं मॅगझिन दस्त्याच्या आत पूर्ण बसतं, त्यामुळे खाली काही लोंबत नाही आणि पोटावर आडवं पडून नेम धरताना अडत नाही. साध्या मॉडेलची किंमत साधारण ३०० डॉलर. नळी, चाप, दस्ता, सगळे सुटे भाग बाजारात मुबलक मिळतात. एक गोष्ट नव्या माणसाला खटकते: शेवटची गोळी सुटल्यावर तिचा बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता भाग, उघडा राहत नाही. मॅगझिन संपलंय हे रिकामा चाप ओढल्यावर कळतं. म्हणून ठेवण्याआधी बोल्ट हाताने मागे ओढून, आत डोकावून खात्री करायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

स्मिथ अँड वेसनची एम अँड पी १५-२२ दिसायला आणि हाताळायला एआर-१५ सारखी. सेफ्टी, मॅगझिन काढायचं बटण, बोल्ट, सगळं त्याच जागी, आणि शेवटच्या गोळीनंतर बोल्ट उघडा राहतो. बॉडी पॉलिमरची असल्याने हलकी आहे. दस्त्याची लांबी सरकवून कमीजास्त करता येते, हा तिचा सगळ्यात मोठा गुण. घरात सहा फुटी नवरा आणि पाच फुटी बायको दोघंही नेमबाजी करणार असतील, तर रुगरच्या ठरीव लांबीच्या दस्त्यापुढे ही सरस. किंमत शंभर-दीडशे डॉलरने जास्त. पुढे एआर-१५ घ्यायचीच असं ठरलं असेल, तर आधी ही घ्या. तसं नसेल तर मी रुगर घेईन.

एआर-१५ आधी घ्यावी असं एकच कारण मला पटतं: तुमची रेंज उघड्यावरची, २०० यार्डांपलीकडची आहे आणि तुम्हाला लांबचाच नेम खुणावतोय. नावातला ‘एआर’ हा आर्मालाइट या कंपनीचा, ‘असॉल्ट’चा नाही. घेताना नळीवर काय कोरलंय ते वाचा. ५.५६ च्या नळीत .२२३ चालतं, पण .२२३ च्या नळीत ५.५६ भरू नये, कारण दाब जास्त पडतो.

रायफलीच्या किमतीत कुलपाच्या कपाटाचे पैसेही धरा. घरात मुलं असतील तर रायफल कुलपात आणि काडतुसं दुसऱ्या कुलपात. कानाला संरक्षण .२२ लाही लागतंच. चाप ओढूनही गोळी सुटली नाही, जे .२२ मध्ये अधूनमधून होतं, तर नळी निशाणाकडेच ठेवून किमान ३० सेकंद थांबा आणि मगच बोल्ट उघडा.

रेंजला नेता ती बॅग भारतात येताना कधीही वापरू नका. कप्प्याच्या शिवणीत अडकलेलं एक जिवंत काडतूस मुंबई विमानतळावर स्कॅनरमध्ये दिसलं, तर शस्त्र कायदा १९५९ खाली गुन्हा दाखल होऊ शकतो.