पुण्यातला वीकेंड बीए क्लास: सर भारी, सिलॅबस जुना

डेक्कनच्या बाजूला चालणारा बिझनेस अ‍ॅनालिस्टचा (बीए, म्हणजे क्लायंटला नेमकं काय हवंय ते काढून सॉफ्टवेअरवाल्यांना सांगणारा) वीकेंड क्लास नुकताच संपवला, नाव टाकत नाहीये कारण क्लासच्या ऑफिसशी थोडं वाजलंय, पण असले क्लास बरेचसे एकाच साच्यातले असतात म्हणून लिहितेय. मी मॅन्युअल टेस्टिंगमधली, बॅचमध्ये निम्मे हिंजवडीचे टेस्टर नाहीतर सपोर्टवाले, दोघंतिघं बँकेतले आणि एक एमबीए झालेली फ्रेशर.

सर मात्र एक नंबर. ते क्लायंट होऊन बसले की मजा येते. एका रविवारी म्हणाले, "ग्राहकाला ऑर्डर कॅन्सल करता आली पाहिजे, बास, एवढंच हवंय मला." सगळ्यांनी चॅटजीपीटी उघडलं, पाच मिनिटांत युजर स्टोऱ्या (युजरला काय हवंय ते एकेका ओळीत), अ‍ॅक्सेप्टन्स क्रायटेरिया (काम झालं कधी मानायचं त्या अटी), गिव्हन-व्हेन-देनच्या साच्यात सगळं टापटीप. मग सरांनी एकेक काढायला सुरुवात केली, तीन वस्तूंपैकी एक आधीच डिस्पॅच झाली असेल तर? कूपन 999 च्या वरच्या खरेदीवर होतं आणि आता बिल उरलं 600 चं, मग रिफंड किती द्यायचा? पैसे यूपीआयने आलेत की कॅश ऑन डिलिव्हरी? गोदामाला कोण कळवणार? सगळे गप्प. बँकेतल्या एकाने तेवढं उलट विचारलं, "सर, हे ठरवतं कोण तुमच्याकडे, सेल्स की अकाउंट्स?" सर जाम खूश! कारण डॉक्युमेंट आता मशीनही लिहून देतं, बीएला पगार मिळणार तो हे असलं खोदून विचारण्याचा.

आता रडगाणं. अर्धा कोर्स बीआरडी, एफआरडी (गरजा लिहायची लांबलचक डॉक्युमेंटं) आणि व्हिजिओ या सॉफ्टवेअरमध्ये फ्लोचार्ट काढण्यात गेला, एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) एका दुपारी उरकलं, जॉइनपर्यंत, म्हणजे दोन टेबलं जोडण्यापर्यंत आलो आणि वेळ संपली, एपीआय (दोन सॉफ्टवेअरनी एकमेकांशी बोलायची सोय) तर नुसतं तोंडी. बॅचमधल्या मैत्रिणीला इंटरव्ह्यूत पहिलंच काय, तर टेबलं समोर ठेवून कॅन्सल झालेल्या ऑर्डरी शहरानुसार काढून दाखव, मग पोस्टमन नावाच्या एपीआय तपासायच्या टूलमधला रिस्पॉन्स वाच. बीआरडीचं नावही नाही घेतलं कोणी.

आणि जाहिरातीत 'फ्रेशरसाठी सीबीएपी' असं ठळक छापलंय ना, त्याला भुलू नका. आयआयबीए या बीएंच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या त्या सर्टिफिकेट परीक्षेसाठी गेल्या 10 वर्षांतला 7,500 तासांचा बीए कामाचा अनुभव लागतो, म्हणजे फुलटाइम धरलं तरी चारेक वर्षं. फ्रेशरसाठी त्यांचीच ईसीबीए आहे, तिला अनुभवाची अट नाही. त्या एमबीएवाल्या पोरीने सीबीएपीच्या नावाने जास्तीचे पैसे भरले, आता परत मागतेय तर म्हणे रिफंडची पॉलिसी नाही. त्यावरूनच वाजलं.

5 पैकी 3, तेही सरांमुळे. घ्यायचाच असेल तर एसक्यूएल आधी घरी यूट्यूबवर करून जा आणि पैसे भरायच्या आधी हेच सर शिकवणार का ते लेखी घ्या, कारण दुसऱ्या बॅचला कोणीतरी ज्युनियर येतो आणि नुसत्या स्लाइड वाचतो. पार्किंगच्या नावाने बोंब आहे, मेट्रोने जा, डेक्कन जिमखाना स्टेशनवरून चालत होतं.