सच्छिद्र थर की उभ्या भेगांचा?

गरम होणाऱ्या धातूच्या भागावर उष्णता अडवणारं कोटिंग फवारायचंय. बाँड कोट (धातूला सिरॅमिक धरून ठेवणारा खालचा थर) तोच, सिरॅमिकची पावडर तीच, ७-८ टक्के यिट्रियावाला झिर्कोनिया. वरचा थर नेहमीचा सच्छिद्र फवारायचा की उभ्या भेगांचा दाट, एवढंच ठरायचं असेल, तर दोन्ही वापरलेल्या माणसाचं हे मत.

उष्णता अडवण्यात सच्छिद्र थर सरळ पुढे आहे. घट्ट झिर्कोनियाची उष्णतावाहकता साधारण २.५ वॅट प्रति मीटर-केल्विन. फवारलेल्या थरात सच्छिद्रता १५ टक्क्यांच्या आसपास असली की ती १ च्या घरात येते. श्रेय गोल छिद्रांचं नव्हे. नुसत्या गोल छिद्रांनी एवढ्या सच्छिद्रतेत जेमतेम पाव हिस्सा घट झाली असती. खरी अडवणूक करतात त्या, वितळलेली पावडर आदळून चपट्या झालेल्या थेंबांमधल्या बारीक आडव्या फटी. उभ्या भेगा उष्णतेच्या वाटेला समांतर, त्या काय अडवणार! तेवढाच तापमानफरक हवा तर थर जाड करावा लागतो. शिवाय फवारताना टॉर्च जवळ आणि भाग बराच तापलेला लागतो. पातळ पत्र्यावर मी हा नाद करणार नाही.

तरी मी उभ्या भेगांकडे वळलो, ते सच्छिद्रतेची टक्केवारी मोजण्याच्या कटकटीमुळे. एकाच कोटिंगचे तुकडे दोघांनी पॉलिश केले की दोन आकडे. घासताना कण उपटून खड्डे पडायचे आणि सॉफ्टवेअर तेही छिद्रांतच धरायचं. मग व्हॅक्यूममध्ये रेझिन भरा, पुन्हा घासा, पुन्हा मोजा. लॉट पास की नापास, यात दुपार जायची. बरं, भांडण ज्या आकड्यावरून, त्यात आडव्या फटींचा वाटा थोडाच. १२०० अंशांवर त्याच आधी मिटतात. वाहकता चढते, थर ताठर होतो, धातूबरोबर ताणला जात नाही. गोल छिद्रं मात्र जागच्या जागी, त्यामुळे टक्केवारी फारशी हलत नाही. भट्टीतून काढलेला तुकडा कागदावर अजून 'सच्छिद्र' आणि कड मात्र उचललेली, हे मी एकदा नाही, बऱ्याचदा पाहिलंय.

उभ्या भेगा सेंटीमीटरला किती, ते मोजलं की विषय संपतो. भट्टीनंतरही त्या बऱ्यापैकी शाबूत दिसल्या.

पृष्ठभाग हजार अंशांच्या आसपासच राहणार असेल, तर सच्छिद्र थराला नावं ठेवायला जागा नाही, तोच घ्यावा. त्याच्या बराच वर जाणार असेल, आणि भाग जाडजूड असेल, तर मी आपला दाट थरच थोडा जाड मारतो.