शिक्षकी सोडून कॉपीरायटिंग: एजन्सी की फ्रीलान्स?

शाळेत मराठी शिकवणाऱ्या एका ताईंना आता कॉपीरायटिंग, म्हणजे जाहिरातींचा मजकूर लिहिण्याचं काम करायचंय. त्यांचा प्रश्न: जाहिरात एजन्सीत नोकरी धरू की फ्रीलान्स, म्हणजे घरून सुटी कामं घेऊ?

पैसा: एजन्सीत सुरुवातीचा पगार अनुदानित शाळेपेक्षा बहुधा कमीच, पण दरमहा. फ्रीलान्सचं बिल बऱ्याचदा १० टक्के टीडीएस कापून येतं, तेही चारदा फोन केल्यावर.

शिकणं: इथे एजन्सी सरळ जिंकते. ‘आमच्या दर्जेदार साड्या आपल्या सौंदर्यात भर घालतात’ हे सीनियर खोडतो आणि ‘लग्न बहिणीचं, नजरा तुमच्यावर’ उरतं. शिक्षकाची सगळं समजावून सांगायची खोड अशीच जाते. घरी बसल्यावर खोडणार कोण?

वेळ: एजन्सीत संध्याकाळ आपली नसते.

घर तुमच्याच पगारावर चालत असेल तर एजन्सी. घरात दुसरा पगार आणि वर्षभराची शिल्लक असेल, तर फ्रीलान्स.