ब्रेकला व्हॅल्यू देता येते: रस्टच्या लूपसोबत आठ महिने

तापमानाच्या सेन्सरकडून सिरीयल पोर्टवर फ्रेम (माहितीचा एक तुकडा) वाचायची, चेकसम (तो तुकडा बिनचूक आला का ते पडताळणारा आकडा) जुळला नाही तर पुन्हा मागायची, पाचदा फसलं की एरर द्यायची. माझं हे काम आधी पायथन या प्रोग्रामिंग भाषेत होतं, गेले आठ महिने रस्ट या भाषेत आहे.

पायथनमध्ये मी लूपच्या (तेच काम पुन्हा पुन्हा करणाऱ्या कोडच्या) आधी व्हेरिएबलमध्ये नन, म्हणजे ‘काहीच नाही’, ठेवायचे, आत ते भरायचे आणि बाहेर आल्यावर खरंच भरलंय का ते तपासायचे. एकदा ती तपासणी राहून गेली आणि रात्रभर रिकाम्या नोंदी साठत राहिल्या. रस्टमध्ये अख्खा लूपच लेटच्या, म्हणजे व्हेरिएबल बनवणाऱ्या ओळीच्या, उजव्या बाजूला बसतो, आणि लूपमधून बाहेर काढणाऱ्या ब्रेकपुढे लिहिलेली व्हॅल्यू त्या व्हेरिएबलमध्ये येते. चेकसम जुळला की ब्रेकपुढे फ्रेम, पाचवा प्रयत्न फसला की ब्रेकपुढे एरर. सगळ्या ब्रेकच्या व्हॅल्यूंचा टाइप (प्रकार) एकच लागतो, म्हणून फ्रेम आणि एरर दोन्ही रिझल्ट या एकाच टाइपात गुंडाळलेले असतात. एखादा ब्रेक नुसताच सोडला की कंपायलर तिथेच अडवतो. माझी ती चूक इथे कंपाइलच झाली नसती.

ही सोय जुलै २०१७ मध्ये, १.१९ आवृत्तीत आली, पण ती फक्त लूप या कीवर्डने लिहिलेल्या लूपला. यादीवरून फिरणाऱ्या फॉरमध्ये किंवा अट खरी असेतो चालणाऱ्या व्हाइलमध्ये तसं लिहिलं की ई०५७१ हा एरर. पहिला महिनाभर मी त्याच्यावर चिडत होते. मग कारण कळलं: लूप कीवर्डचा लूप ब्रेकशिवाय पूर्ण होतच नाही, फॉर मात्र यादी संपली की आपोआप थांबतो. तेव्हा व्हॅल्यू आणायची कुठून?

यादीत शोधायचं असेल तर फाइंड किंवा फाइंड मॅप ही तयार फंक्शनं वापरा, असं सगळे सांगतात. साध्या शोधाला ते छानच आहे. पण आत पोर्ट वाचताना एरर आली आणि ती पुढे पाठवणारं प्रश्नचिन्ह लावलं, तर ते क्लोजरमधूनच (फाइंडला दिलेल्या छोट्या निनावी फंक्शनमधूनच) परत येतं, माझ्या फंक्शनमधून नाही. अशा ठिकाणी मी नोव्हेंबर २०२२ च्या १.६५ मध्ये आलेला लेबलवाला ब्लॉक (नाव दिलेला कंसातला कोड) वापरते: आत फॉर, सापडलं की लेबलला ब्रेक आणि सोबत सम (‘ही सापडलेली व्हॅल्यू’), फॉरखाली शेवटी नन. चालतं, पण एका शोधासाठी कंसाची एक पायरी आणि एक नाव जास्त.

झिग या भाषेत याचं उत्तर जास्त सरळ आहे. तिथे फॉरला एल्स जोडता येतो: ब्रेक झाला तर ब्रेकची व्हॅल्यू, यादी संपली तर एल्सची. पायथनच्या फॉरलाही एल्स आहे, पण त्यातून काही परत मिळत नाही, म्हणून तो नेमका कधी चालतो हे मला दरवेळी आठवावं लागायचं. झिगमध्ये व्हॅल्यू हवी असते, म्हणून एल्स वाचताक्षणी कळतो. रस्टच्या फॉरला हा एल्स मिळावा असं मला मनापासून वाटतं.

तोवर पोर्टचं सगळं वाचन मी लूप कीवर्डमध्येच ठेवलंय, आणि लेबलवाले ब्लॉक तीनच ठिकाणी उरलेत.